नोंदवहीची नोंद

बीड जिल्ह्यातील पाटोदा हे बालाघाटच्या पठारावरचे तालुक्याचे गाव. भूगोलाच्या शिक्षकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. उगमापाशी तिचे रूप एखाद्या ओढ्यासारखेच आहे. पुढे केज तालुक्यात धनेगावजवळ तिच्यावर मोठे धरण आहे आणि लातूर शहर त्या धरणाच्या पाण्यावर अवलंबून असते. तेथून ती कर्नाटकात बिदर जिल्ह्यात शिरते, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर हे जलाशय भरते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून गोदावरीला मिळते. २०१६ साली धनेगावचे धरण आटले, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी न्यावे लागले होते, हे आपल्याला आठवत असेल.

लातुरात नळ उघडणाऱ्याला पाटोद्याचे नाव माहीत असेलच असे नाही. पाटोद्याच्या शिवारात बांध घालणाऱ्यालाही आपल्या खाली किती गावे आहेत याची कल्पना नसते. तरीही दोघे एकाच पाण्याने बांधलेले आहेत.

नदीचे हे उदाहरण आम्ही उगीच घेतलेले नाही. संगणकासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे लोक नेमके हेच शब्द रोज वापरतात. ज्यांनी मूळ घटक तयार केला त्यांना ते 'अपस्ट्रीम' म्हणजे वरच्या अंगाचे म्हणतात आणि जे तो घटक घेऊन पुढे काही बनवतात त्यांना 'डाउनस्ट्रीम' म्हणजे खालच्या अंगाचे. डिसेंबर २०२१ मध्ये अशाच एका वरच्या अंगाच्या लहानशा घटकात दोष सापडला आणि जगभरच्या बँका, सरकारी कार्यालये व कारखाने यांची झोप उडाली. त्या घटकाचे काम होते केवळ नोंदी लिहिण्याचे! त्याची आणि त्याच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाची हकीकत आपण येथे पाहणार आहोत.

लाकडाच्या ओंडक्यापासून शेरेबुकापर्यंत

संगणकाच्या भाषेत नोंदीला 'लॉग' म्हणतात. लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजांचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकीत आणि ठराविक वेळात किती दोरी सुटते ते पाहत. दोरीवर ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठ या एककात सांगतात तो यामुळेच. मोजलेला वेग ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. पुढे त्या वहीत वारा, हवामान, अपघात अशा सर्वच गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या.

आपल्या शाळांतही अशा वह्या असतात. हजेरीपट, रोजकीर्द, आणि तपासणीला आलेले अधिकारी ज्यात अभिप्राय लिहून जातात ते शेरेबुक. काही बिघडले की आधी वही काढून पाहतात. संगणकाचेही तसेच आहे. पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला रात्री दोन वाजता अडचण आली, तर ती पाहायला तेथे कोणी बसलेले नसते. म्हणून प्रोग्रॅम आपले प्रत्येक महत्त्वाचे पाऊल एका फाइलमध्ये लिहीत जातो: अमुक वेळी अमुक माणसाने प्रवेश केला, अमुक फाइल सापडली नाही, अमुक ठिकाणी बेरीज चुकली. सकाळी अभियंता ती फाइल वाचून बिघाडाचा माग काढतो.

हे काम जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला करावे लागते. मग प्रत्येकाने ते स्वतः नव्याने लिहायचे, की कोणीतरी एकदा चांगले लिहून सर्वांनी वापरायचे? हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे.

एकाने लिहावे, सर्वांनी वापरावे

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात 'एडसॅक' नावाच्या संगणकाने पहिले गणित सोडवले. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांचे सहकारी यांच्या लवकरच ध्यानात आले, की वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे पुन्हा पुन्हा लागतात. त्यांनी अशा छोट्या प्रोग्रॅमांच्या छिद्रे पाडलेल्या कागदी फिती तयार करून कपाटात नीट लावून ठेवल्या. ज्याला जी फीत हवी, त्याने तिची प्रत आपल्या फितीत उतरवून घ्यायची. या संग्रहाला त्यांनी 'लायब्ररी' म्हटले आणि तेच नाव आजवर चालत आले. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या पद्धतीवर पुस्तकही प्रसिद्ध केले.

१९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे सॉफ्टवेअरवर एक गाजलेली परिषद भरली. तेथे डग्लस मॅकिलरॉय यांनी अशी मांडणी केली, की यंत्र बनवणारा जसे बोल्ट व बेअरिंग बाजारातून आणतो, तसे सॉफ्टवेअरचेही तयार सुटे भाग मिळायला हवेत. त्यांची ही कल्पना प्रत्यक्षात यायला बराच काळ जावा लागला. ती व्यापक प्रमाणावर साधली ती मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमुळे. यात प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांना वाचायला, वापरायला, बदलायला आणि पुढे द्यायला खुला असतो.

याचे एक उदाहरण अगदी आपल्या मराठीचे आहे. १९९० च्या दशकात ज्यांनी शाळेच्या कार्यालयात संगणकावर मराठी टंकलेखन केले, त्यांना एक त्रास चांगलाच आठवत असेल. एका सॉफ्टवेअरमध्ये केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की अक्षरांऐवजी अगम्य चिन्हांची रांग दिसे. प्रत्येक कंपनीची अक्षरे वेगळी आणि अक्षरांना दिलेले क्रमांकही वेगळे. पुढे युनिकोडने अक्षरांचे क्रमांक एक केले. पण क्रमांक एक झाले तरी 'क्ष', 'र्क', 'क्र' ही जोडाक्षरे पडद्यावर बरोबर जुळवण्याचे काम उरतेच. २००४ साली रेड हॅट या कंपनीने 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. ते तिला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून मिळाले होते. अक्षरे जुळवण्याचे काम 'हार्फबझ' नावाचा मुक्त स्रोत घटक करतो. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड फोन या सर्वांत तोच आहे. त्याच्या मुख्य कर्त्याने, बेहदाद एस्फहबोद यांनी, त्याला फारसी नाव दिले आहे. म्हणजे पाटोद्याच्या एखाद्या गुरुजींनी फोनवर 'ज्ञानेश्वरी' हा शब्द लिहिला, तर तो नीट दिसण्यामागे कोणाकोणाचे काम आहे पाहा!

मात्र सर्वांचा घटक एक झाला, की त्यातला दोषही सर्वांचा होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर तेलुगू लिपीतील एक विशिष्ट जोडाक्षर आले, की ते दाखवू पाहणारा प्रोग्रॅम बंद पडत असे. अक्षरे जुळवणारा ॲपलचा स्वतःचा घटक सर्व प्रोग्रॅमांना सामायिक होता. त्यामुळे संदेश, टपाल, बातम्या असे अनेक प्रोग्रॅम एकाच अक्षराने कोलमडले. मात्र ॲपलने त्या एका घटकात दुरुस्ती केल्यावर सर्वांचीच सुटका झाली.

एका कामासाठी चार घटक

आता नोंदींच्या घटकाकडे वळू. १९९६ च्या सुमारास युरोपीय संघाच्या 'सेम्पर' नावाच्या प्रकल्पात जावा या भाषेसाठी नोंदी लिहिणारा एक घटक तयार होऊ लागला. त्याचेच पुढे 'लॉगफोरजे' झाले. चेकी ग्युल्चू हे त्याचे प्रमुख कर्ते. हा घटक अपाची या मुक्त स्रोत संस्थेच्या छत्राखाली आला आणि जानेवारी २००१ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. घटक उपयुक्त होता, फुकट होता आणि त्याची रचना समजायला सोपी होती. लोकांनी तो भराभर उचलला.

२००२ च्या फेब्रुवारीत जावाची १.४ ही आवृत्ती आली. त्यात जावाच्या कर्त्यांनी स्वतःचा वेगळा नोंद-घटक घातला. आता लायब्ररी लिहिणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. समजा, आपण नकाशे काढणारी लायब्ररी लिहिली आणि तिच्यात लॉगफोरजे वापरला. ती लायब्ररी घेणारा मात्र जावाचा घटक वापरतो. म्हणजे त्याच्या एकाच प्रोग्रॅमच्या नोंदी दोन वह्यांत दोन पद्धतींनी पडणार. त्याने अशा दहा लायब्रऱ्या घेतल्या तर काय होईल?

या पेचाचे उत्तर आपल्या घरातल्या विजेच्या जोडणीत आहे. पंखा बनवणारा कारखाना पंख्यासोबत वीजकेंद्र देत नाही. तो फक्त ठरलेल्या मापाची पिन देतो. वीज कोठून आणायची ते घरमालक ठरवतो. त्याचप्रमाणे लायब्ररीने नोंद-घटक निवडूच नये, फक्त 'पिन' द्यावी आणि प्रत्यक्ष नोंद-घटक कोणता हे शेवटी संपूर्ण प्रोग्रॅम जुळवणाऱ्याने ठरवावे, अशी कल्पना निघाली. २००२ साली अपाचीच्याच 'कॉमन्स लॉगिंग'ने हा प्रयत्न केला. तो घटक प्रोग्रॅम चालू झाल्यावर आजूबाजूला कोणता नोंद-घटक आहे ते आपणहून शोधू पाही. मोठ्या प्रणालींमध्ये हा शोध कधी कधी भलतीकडेच जाई आणि अभियंत्यांना दिवसेंदिवस डोकेफोड करावी लागे. म्हणून २००५ मध्ये ग्युल्चू यांनीच 'एसएलएफफोरजे' नावाचा दुसरा दुवा काढला. त्यात शोधाशोध नव्हती. प्रोग्रॅम जुळवणाऱ्याने कोणता नोंद-घटक हवा तो हाताने जोडायचा.

पेच सुटला, पण पूर्ण नाही. जुन्या लायब्रऱ्या जुन्याच पिना वापरत होत्या. त्यांच्यासाठी एका पिनेतून दुसऱ्या पिनेत नेणारे 'पूल' बांधावे लागले. त्यातून एक मजेशीर अपघात होऊ शकतो. लॉगफोरजेकडे आलेली नोंद एसएलएफफोरजेकडे पाठवणारा पूल आणि एसएलएफफोरजेकडची नोंद लॉगफोरजेकडे पाठवणारा पूल हे दोन्ही चुकून एकाच प्रोग्रॅममध्ये आले, तर काय होईल? दोन पोस्टमन एकच पत्र एकमेकांच्या हातात देत राहतील. पत्र कधीच पोहोचणार नाही आणि प्रोग्रॅमची स्मृती भरून तो बंद पडेल. असे पुष्कळांच्या बाबतीत घडले आहे. कोणीही मुद्दाम दोन्ही पूल आणत नाही. एक पूल एका लायब्ररीच्या पाठोपाठ येतो, दुसरा दुसरीच्या पाठोपाठ. हे 'पाठोपाठ येणे' काय असते, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

मित्राचा मित्र

एडसॅकच्या काळात फितीची प्रत आपल्या फितीत उतरवली, की व्यवहार संपला. मूळ फितीत नंतर चूक सापडली तरी आपल्या प्रतीत ती तशीच राही. आजच्या पद्धतीत प्रत उतरवून घेण्याऐवजी नुसता उल्लेख करतात: 'माझ्या प्रोग्रॅमला अमुक घटकाची अमुक आवृत्ती लागते.' या उल्लेखाला अवलंबित्वाची नोंद म्हणता येईल. ती वाचून घटक आणण्याचे काम एक स्वतंत्र प्रोग्रॅम करतो. जावाच्या जगात हे काम 'मेव्हन' करतो. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या त्याच्या २.० या आवृत्तीने एक मोठी सोय केली. आपण मागितलेल्या घटकाला जे घटक लागतात, त्या घटकांना पुढे जे लागतात, ते सर्व आपोआप आणले जाऊ लागले.

सोय मोठी, पण तिच्यामुळे एक गोष्ट बदलली. आपण पाच घटक मागतो आणि पन्नास येतात. पंचेचाळिसांची नावे आपण वाचलेलीही नसतात. घरी लग्नाला पाच मित्रांना सहकुटुंब बोलवावे आणि मंडपात पन्नास माणसे दिसावीत, तसे हे आहे. त्यातच एका घटकाला लॉगफोरजेची जुनी आवृत्ती हवी असते आणि दुसऱ्याला नवी. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. अशा वेळी मेव्हनचा नियम असा, की अवलंबित्वाच्या झाडात आपल्याला जो उल्लेख सर्वांत जवळचा, तो मानायचा. नियम सुटसुटीत आहे, पण जवळची आवृत्ती योग्यच असेल याची हमी तो देत नाही. म्हणून जाणते अभियंते सर्व घटकांच्या आवृत्त्या एकाच ठिकाणी लिहून ठेवतात आणि अधूनमधून संपूर्ण झाड छापून वाचतात.

हे झाड किती नाजूक असू शकते, ते २२ मार्च २०१६ रोजी दिसले. जावास्क्रिप्ट भाषेच्या 'एनपीएम' या सार्वजनिक भांडारातून एका लेखकाने नावाच्या वादावरून आपले सर्व घटक काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा एक घटक होता. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण तो अनेक मोठ्या प्रकल्पांच्या झाडात खोलवर बसलेला होता. जगभर ठिकठिकाणी प्रोग्रॅमांची जुळणी थांबली. सुमारे दोन तासांत भांडाराच्या चालकांनी तो घटक परत ठेवला, पण तोवर जगाला एक धडा मिळाला होता.

डिसेंबर २०२१

लॉगफोरजेची दुसरी, नव्याने लिहिलेली मालिका २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या मालिकेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये थांबवल्याचे अपाचीने जाहीर केले. दुसऱ्या मालिकेत एक नवी सोय होती. नोंदीच्या मजकुरात डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंस यांत काही लिहिले असेल, तर ते जसेच्या तसे न उतरवता त्याच्या जागी दुसरी माहिती भरायची. उदाहरणार्थ, संगणकाचे नाव. २०१३ साली या सोयीत आणखी एक भर पडली. माहिती नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाकडूनही मागवता येऊ लागली. कोणा वापरकर्त्याची ती मागणी होती. लिहिणाऱ्यांनी सद्‌भावनेने ती मान्य केली.

यात धोका कोठे होता? आपल्या शेरेबुकाचे उदाहरण घेऊ. कारकुनाला सांगितले आहे, की पाहुणा जे बोलेल ते वहीत उतरव. पाहुणा म्हणाला, 'शाळा छान आहे', तर तेवढेच लिहायचे. आता या कारकुनाला कोणी अशी सवय लावली, की महिरपी कंसातले वाक्य आले तर ते लिहायचे नाही, तर पाळायचे. मग एखादा लबाड पाहुणा म्हणतो, 'अमुक घरी जा, तेथली चिठ्ठी आण आणि तीत लिहिले असेल तसे कर.' कारकून उठून जातो, चिठ्ठी आणतो आणि शाळेची तिजोरी उघडून देतो! लॉगफोरजे नेमके हेच करू शकत होता. प्रोग्रॅम परक्या माणसाने लिहिलेल्या पुष्कळ गोष्टींची नोंद करतो: त्याचे नाव, त्याने शोधलेला शब्द, त्याचा चुकीचा संकेतशब्द. त्यांपैकी कशातही तो मजकूर घातला, की दूरच्या संगणकावरचा प्रोग्रॅम आणून तो येथे चालवला जाई.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी चीनमधील अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा विभागातील चेन झाओजुन यांनी हा दोष अपाचीला कळवला. ९ व १० डिसेंबरला तो जगजाहीर झाला. 'माइनक्राफ्ट' या मुलांच्या आवडत्या खेळात तो लवकरच दिसून आला. खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक ओळ लिहिली, की खेळ चालवणारा संगणक ताब्यात येई. दोषांची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित पट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. आठ वर्षे हे भोक उघडे होते.

अपाचीत लॉगफोरजे सांभाळणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच लोक होते आणि ते स्वयंसेवक होते. त्यांनी रात्रंदिवस खपून डिसेंबर संपेपर्यंत एकामागून एक चार सुधारित आवृत्त्या काढल्या. दुरुस्ती करणे तुलनेने सोपे होते. अवघड होते ते हे शोधणे, की लॉगफोरजे आहे कोठे कोठे!

बरणीत बरणी

जावाचे घटक ज्या फाइलीत बांधून देतात तिला 'जार' म्हणतात. जार म्हणजे आपली बरणी. अडचण अशी, की एका बरणीत दुसरी बरणी आणि तिच्यात तिसरी ठेवता येते. बाहेरच्या चिठ्ठीवर फक्त पहिल्या बरणीचे नाव असते. गूगलच्या अभ्यासकांनी त्याच महिन्यात जावाच्या मुख्य सार्वजनिक भांडाराची मोजदाद केली. त्यांच्या पहिल्या मोजणीत ३५ हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे भांडारातील ८ टक्क्यांहून अधिक, या दोषाच्या छायेत आढळली. बहुसंख्य पॅकेजांनी लॉगफोरजे स्वतः मागवलेला नव्हता. तो मित्राच्या मित्राच्या मित्राबरोबर आला होता. अनेक पॅकेजांत तो पाच किंवा त्याहून अधिक पायऱ्या खोल होता.

हे झाले खुल्या भांडाराचे. कंपन्यांनी विकत घेतलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये तर आत काय आहे, हे विकणाऱ्यालाच विचारावे लागले आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही ते माहीत नव्हते. अमेरिकेच्या सरकारी चौकशी मंडळाने जुलै २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यात एका केंद्रीय खात्याने केवळ या एका दोषामागे ३३ हजार तास खर्च केल्याची नोंद आहे. हा दोष जुन्या प्रणालींत दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ तळ ठोकून राहील, असेही मंडळाने म्हटले.

गंमत पाहा. ज्यांनी पहिल्या मालिकेवरून दुसरीवर जाण्याचा आळस केला होता, ते या विशिष्ट दोषातून बचावले. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नव्हते. सहा वर्षे ज्याची देखभाल बंद आहे असा घटक आपण चालवत आहोत, हे त्यांपैकी अनेकांना याच धावपळीत प्रथम कळले.

या साऱ्या प्रकरणाचे सार आम्हाला एका वाक्यात असे वाटते: इतरांची नोंद ठेवणाऱ्या घटकाची नोंद कोणीच ठेवली नव्हती. दोष तर कोणाच्याही हातून राहू शकतो. पण आपल्या घरात काय आहे हेच माहीत नसेल, तर दुरुस्ती हातात असूनही ती कोठे लावायची ते समजत नाही.

संगणकाचे डेडस्टॉक रजिस्टर

यावरचा उपाय शिक्षकांना नवा वाटणार नाही. प्रत्येक शाळेत जडवस्तूंची नोंदवही असते. बाके किती, घंटा किती, नकाशे किती, कोठून आणि केव्हा आले, याची तीत नोंद असते. मुख्याध्यापक बदलले, की नवे मुख्याध्यापक ती वही ताडून पाहतात आणि मगच सही करतात. सॉफ्टवेअरसाठी अशी वही ठेवण्याच्या प्रयत्नांना २०१० च्या सुमारास सुरुवात झाली. तिला 'एसबॉम' म्हणतात. तीत सॉफ्टवेअरमधील प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, कर्ता, परवाना आणि तो कोणावर अवलंबून आहे हे लिहायचे असते. ही यादी लिहिण्याच्या 'एसपीडीएक्स' या पद्धतीला २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी १२ मे रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारला विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत अशी यादी मागण्याच्या दिशेने आदेश काढला. लॉगफोरजेचा दोष उघड होण्याच्या सात महिने आधीची ही गोष्ट! आपल्याकडे संगणक सुरक्षेची राष्ट्रीय संस्था 'सर्ट-इन' हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

पण यादी केली म्हणजे सर्व झाले असे नाही. नोंदवहीत घंटेची नोंद असली, तरी घंटेला तेल घालणारा माणूस लागतोच. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या घटकात मोठा दोष सापडला. जगातील संकेतस्थळांचा मोठा भाग संदेश गुप्त ठेवण्यासाठी त्यावर विसंबून होता आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता फक्त एक! त्या धक्क्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा घटकांसाठी एकत्रित निधी उभारला. तरी मार्च २०२४ मध्ये त्याहून विचित्र प्रकार समोर आला. 'एक्सझेड' हा फाइली आवळून लहान करणारा घटक एक थकलेला स्वयंसेवक एकटा सांभाळत होता. एका नवख्याने दोनेक वर्षे गोड बोलून, खरोखर मदत करून त्याचा विश्वास मिळवला, घटकाची सूत्रे हाती घेतली आणि त्यात चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने चिकाटीने कारण शोधले आणि चोरवाट जगभर पसरण्यापूर्वीच उघडकीस आली.

या प्रसंगांवरून कोणी म्हणेल, की मुक्त स्रोत घटक वापरूच नयेत. हे आम्हाला पटत नाही. अर्ध्या सेकंदाचे कारण फ्रॉइंट यांना शोधता आले, कारण मूळ मजकूर खुला होता. लॉगफोरजेचा दोषही त्याच्या कर्त्यांच्या बाहेरच्या माणसाने शोधून दिला. आणि सामायिक घटक नकोत म्हटले, तर आपण पुन्हा १९९० च्या दशकातल्या त्या अगम्य चिन्हांच्या पत्रापाशी जाऊन पोहोचू. सार्वजनिक विहीर बुजवून प्रत्येकाने अंगणात खड्डा खणल्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही. विहिरीचे पाणी कोण कोण भरते याची नोंद हवी आणि गाळ काढायची पाळी लावलेली हवी.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा विषय शिकवायला संगणक कक्षच हवा असे नाही. दोन कामे सुचवावीशी वाटतात.

पहिले कागदावरचे. शालेय पोषण आहारातील खिचडी घ्या. तिच्या खाली तांदूळ, डाळ, तेल, मीठ, पाणी, इंधन असे फाटे काढा. मग प्रत्येक फाट्याचे पुढचे फाटे काढायला मुलांना सांगा. तेल कशावर अवलंबून? घाण्यावर, बियांवर, डब्यावर. थोड्याच वेळात फळा भरून जाईल आणि काही नावे अनेक फाट्यांखाली पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. त्या नावांभोवती वर्तुळ काढा. ती नावे म्हणजे सामायिक घटक. त्यांतले एक बंद पडले तर काय काय थांबेल, हे मुलांनाच सांगू द्या.

दुसरे काम आपल्या खिशातल्या फोनवरचे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत कायदेशीर माहिती किंवा मुक्त स्रोत परवाने असा एक विभाग असतो. सहसा कोणी तो उघडत नाही. तो उघडला, की नावांची लांबच लांब यादी येते. तीत आपल्या जोडाक्षरांचा हार्फबझ सापडतो का, ते मुलांना शोधू द्यावे. त्यातली बहुतेक नावे आपण कधी ऐकलेली नसतात आणि त्यांच्यावाचून आपला फोन एक अक्षरही दाखवू शकत नाही.

धनेगावच्या धरणात पाणी कमी झाले, की लातूरकरांचे लक्ष वरच्या अंगाकडे जाते. धरण भरलेले असते तेव्हाही ते तिकडे असावे, असा धडा २०१६ च्या उन्हाळ्याने दिला आहे. सॉफ्टवेअरच्या जगाला तो डिसेंबर २०२१ मध्ये मिळाला. आपल्या नळाला पाणी कोठून येते, वाटेत ते कोणाकोणाच्या हातून येते आणि तेथे देखरेखीला कोणी आहे का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना शाळेतच लागली, तर पुढे ती मुले संगणकासमोर बसोत वा शेतात उभी राहोत, ती सवय त्यांच्या उपयोगी पडेल.